कोलनवॉटर, कूलर आणि टरबूज

इंदूरच्या मराठी घरांत पुरुषाच्या अंगाला सुगंध आला, की तो चांगला आहे की वाईट याविषयी कोणी चटकन काही बोलत नाही. आधी कारण विचारले जाते. ‘आज स्वारी कुठे?’ किंवा ‘कोणाकडे कार्य आहे का?’ असा प्रश्न हसत-हसत येतो, पण त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय विचारणारा पुढे सरकत नाही. बाईने गजरा माळला तर मोगऱ्याचा हंगाम आहे एवढे कारण पुरते. पुरुषाला मात्र निमंत्रणपत्रिका दाखवावी लागते. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर कानात खोचलेला अत्तराचा फाया चालतो, लग्नघरच्या दारात कोणी मनगटावर अत्तराची कांडी फिरवली तर ती चालते, गाण्याच्या बैठकीला जाताना केवड्याचा किंवा हिन्याचा वास असणे हे तर रसिकतेचे लक्षण मानले जाते. पण एखाद्या साध्या मंगळवारी, हिशेबतपासणीच्या कचेरीत दिवसभर खातेवह्या उलटायला निघालेल्या मध्यमवयीन माणसाने गळ्याशी कोलोन, म्हणजे स्पिरिटमधले हलके सुगंधी पाणी, उडवले, तर त्यामागे काहीतरी असलेच पाहिजे असे आपल्या समाजाचे ठाम मत आहे.

मी नोकरीला लागल्यापासून रोज कोणते ना कोणते कोलोन लावत आलो आहे आणि त्यामागे खरोखर काहीही नाही. त्यामुळे चौकशांना आता सरावलो आहे. या चौकशांच्या पुढे जाऊन लोक जे बोलतात ते मात्र मला फार मोलाचे वाटते, कारण खोक्यावर छापलेल्या वर्णनाशी त्याचा काडीचाही संबंध नसतो. खोक्यावर भूमध्य सागराचा वारा असतो, जंगलातली पहाट असते, चामड्याची खुर्ची आणि तंबाखू असतो. आमच्याकडे तो वास हुंगणारा माणूस मालव्यात वाढलेला असतो आणि त्याच्या नाकाने आजवर जे साठवले आहे, त्यातलीच एखादी वस्तू तो बाहेर काढून दाखवतो.

माझी आई कारण विचारत नाही, ती थेट निदान करते. संत्र्याची साल, लिंबू आणि नारिंगाची फुले असलेले अगदी जुन्या धाटणीचे कोलोन मी पहिल्यांदा घरी आणले आणि लावून तिच्या खोलीत गेलो, तेव्हा तिने वाचत असलेला अंक बाजूला ठेवला, मला जवळ बोलावले आणि कपाळावर हाताचा पालथा पंजा टेकवून पाहिला. ‘अंग तर गार आहे,’ ती म्हणाली, ‘मग कोलनवॉटर कोणी काढलं?’ तिच्या माहेरी कोलनवॉटरची बाटली थर्मामीटरच्या शेजारी असे आणि ती उघडली जाई ती केवळ ताप चढल्यावर. थंड पाण्यात चार थेंब टाकून रुमालाच्या घड्या कपाळावर ठेवत. स्पिरिट उडून जाताना कातडीची उष्णता घेऊन जाई आणि पोराला बरे वाटे. त्या पिढीच्या कित्येक मराठी माणसांना नारिंगाच्या फुलांचा वास आला, की आजारपणातली रजा, मऊ भात आणि उशाशी बसलेली आई आठवते. इटलीतली बाग आठवण्याचा प्रश्नच नाही.

खरे तर ती बाग या पाण्याच्या जन्मकथेतच आहे. इटलीतून जर्मनीतल्या कोलोन शहरात आलेल्या योहान मारिया फारिना या अत्तरकाराने 1708 साली आपल्या भावाला पत्र लिहिले, की मी असा एक सुगंध तयार केला आहे, ज्याने इटलीतल्या वसंतातली सकाळ, डोंगरावरची नर्गिसाची फुले आणि पाऊस पडून गेल्यावरचा नारिंगाचा मोहर आठवतो. त्याच्या कुटुंबाची पेढी 1709 साली सुरू झाली आणि त्याने आपल्या पाण्याला नव्या गावाचेच नाव दिले. पुढे त्या शहरात अशी पाणी तयार करणारे पुष्कळ झाले. ग्लॉकनगासे या गल्लीतल्या एका घराचा क्रमांक 4711 होता आणि तोच क्रमांक आजही एका कोलोनच्या बाटलीवर दिमाखात छापलेला असतो. मात्र आईच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ही पाणी सुरुवातीला औषध म्हणूनही खपत असत, पोटात घेतली जात असत आणि अनेक दुखण्यांवरचा उतारा म्हणून त्यांची जाहिरात होई. 1810 साली नेपोलियनने औषधांची कृती उघड करण्याचे फर्मान काढले, तेव्हा कृती गुप्त ठेवण्यासाठी ते पाणी औषध नसून केवळ अंगाला लावायचे सुगंधी पाणी आहे असे सांगण्याचा मार्ग पत्करला गेला. तेव्हा कपाळाला हात लावणारी माझी आई इतिहासाला धरूनच वागत होती.

या जुन्या कोलोनचा दोष एकच, ते टिकत नाही. त्यात सुगंधी तेलांचे प्रमाण साधारण दोन ते पाच टक्के, बाकी स्पिरिट आणि पाणी. शिवाय लिंबूवर्गातल्या सालींचे तेल हे मुळातच सर्वांत आधी उडून जाणारे. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा इतकी कोरडी असते, की अंगणात टाकलेला ओला टॉवेल पाहता-पाहता वाळतो. अशा हवेत सकाळी लावलेले कोलोन घरापासून कचेरीपर्यंत पोचले तरी खूप झाले. पावसाळ्यात तेच कोलोन दुप्पट वेळ रेंगाळते. बाटली एकच असली तरी ऋतू बदलला की लोकांचे अभिप्रायही बदलतात, हे मी नंतर ध्यानात घेतले.

रामबागेतल्या मावशीचे नाक आईपेक्षाही तिखट आहे. लव्हेंडर आणि ओकमॉस (ओकच्या झाडावर वाढणारे दगडफूल) असलेले एक गंभीर प्रकृतीचे, फ्रेंच नावाचे कोलोन लावून मी तिच्याकडे गेलो, तर दार उघडताच ती म्हणाली, ‘सलूनमधून थेट इकडे आलास होय रे? आधी डोक्यावरून पाणी घे, केस सांडशील घरभर.’ तिच्या या बोलण्यातही शंभर टक्के तथ्य होते. अशा वासाच्या अत्तरांच्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे 1882 साली पॅरिसच्या उबिगां या पेढीसाठी पॉल पार्के याने रचलेला ‘फुजेर रोयाल’. त्यात त्याने कुमारिन नावाचे, वाळत घातलेल्या गवताच्या वासाचे द्रव्य प्रयोगशाळेत बनवलेल्या रूपात वापरले आणि सुगंधाच्या धंद्यात रसायनशास्त्राचा प्रवेश झाला. लव्हेंडर, ओकमॉस आणि कुमारिन ही त्रयी पुढे दाढीचा साबण, दाढीचे क्रीम आणि आफ्टरशेव्ह यांत इतकी मुरली, की जगभरच्या न्हाव्यांच्या दुकानांत तोच वास भरून राहिला. मूळ अत्तर श्रीमंतांचे होते. मावशीपर्यंत ते आले न्हाव्याच्या फवाऱ्यातून आणि फटकडीच्या सोबतीने.

आफ्टरशेव्हचा विषय निघालाच आहे तर माझ्या सासऱ्यांविषयी सांगायला हवे. त्यांच्या मोरीतल्या फळीवर शिडाच्या जहाजाचे चित्र असलेली ओल्ड स्पाइसची पांढरी बाटली कायम असे. ओल्ड स्पाइसचे हे पुरुषांसाठीचे रूप अमेरिकेतल्या शुल्टन कंपनीने 1938 साली बाजारात आणले. त्याच्या वासात लवंग, दालचिनी आणि संत्र्याची साल ठळक आहे. लवंगेतले युजेनॉल हेच द्रव्य दातांचे डॉक्टरही वापरतात, म्हणून माझी मुलगी लहानपणी आजोबांच्या गालाचा पापा घेताना ‘आजोबा, दात काढला?’ असे विचारत असे. सासरे स्वतः कोलोन लावणाऱ्या पुरुषांना ‘छानछोकीचे’ म्हणत. आपण आफ्टरशेव्ह लावतो ते सुगंधासाठी नव्हे, तर दाढी करताना लागलेले ओरखडे पिकू नयेत म्हणून, असे त्यांचे म्हणणे असे आणि गालावर थापटी मारून होणारी आग हा त्याचा पुरावा असे. मला यात आपल्याकडच्या पुरुषाची संपूर्ण सोय दिसते. आफ्टरशेव्हला जंतुनाशकाचा आधार आहे, डिओला घामाचा आधार आहे, टाल्कम पावडरीला घामोळ्यांचा आधार आहे. कोलोनला असा कोणताही आधार नाही. ते केवळ आवडते म्हणून लावायचे असते आणि तेवढेच कबूल करणे आपल्या पुरुषांना जड जाते.

कचेरीतल्या पुरुषांचे वागणे याला धरूनच असते. सहकारी कधीही ‘वास छान आहे’ असे म्हणत नाहीत. ते दोन टेबलांवरून मान वळवतात, ‘कौनसा है भिया?’ असे विचारतात, नाव ऐकून घेतात आणि लगेच ‘कितने का पड़ा?’ यावर येतात. किंमत सांगितली की एक दीर्घ हुंकार निघतो आणि त्यात निंदा किती नि असूया किती हे ओळखणे अवघड असते. त्यानंतर तेच गृहस्थ आठवडाभराने लिफ्टमध्ये अगदी तोच वास लावून भेटले, तरी त्याविषयी अवाक्षर काढायचे नाही हा आमच्यातला अलिखित करार आहे.

समुद्राच्या वासाची कथा अधिक मजेची आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत पुरुषांच्या कोलोनमध्ये पाण्याची लाट आली. 1988 साली दाविदॉफचे ‘कूल वॉटर’ आले, 1996 साली अर्मानीचे ‘अक्वा दी जिओ’ आले आणि त्यानंतर निळ्या बाटल्यांनी दुकानांच्या फळ्या भरून गेल्या. समुद्राचा भास निर्माण करण्यासाठी त्या काळात कॅलोन नावाचे द्रव्य वापरले जाऊ लागले. त्याचा शोध फायझर या औषधकंपनीत 1966 साली लागला होता. त्याचा वास समुद्रावरच्या वाऱ्याचा मानला जातो, पण तो ज्याने समुद्रावरचा वारा खाल्ला आहे त्याच्यासाठी. आमच्या सुदामानगरातल्या लोकांची समुद्राची ओळख मुंबईच्या नातेवाइकांकडे गेल्यावर चौपाटीवर होते आणि तिथे वास येतो तो भेळेचा, ओल्या वाळूचा आणि कधी सुकटीचा. त्यामुळे असे एक सागरी कोलोन लावून मी जिना उतरत असताना खालच्या मजल्यावरचा शाळकरी मुलगा नाक वर करून म्हणाला, ‘काका, तुमच्याकडे टरबूज कापलंय का?’ कॅलोनला कलिंगडाची झाक असते हे अत्तरकार मोकळेपणाने सांगतात. त्या पोराने कोणाचेही न वाचता ते एका दमात पकडले होते. त्याला वर बोलवून बाटली हुंगायला दिली, तेव्हा त्याने दुरुस्तीही केली, ‘टरबूज नाही, सालीकडचा पांढरा भाग.’ इतकी नेमकी समीक्षा मी कुठल्याही मासिकात वाचलेली नाही.

या सगळ्यांत माझा स्वतःचा जीव जडला आहे तो वाळ्यावर. वाळ्याच्या मुळांचे तेल हे युरोपीय पुरुषांच्या कोलोनमधले एक खानदानी द्रव्य आहे. कार्व्हेन आणि गेर्लां या फ्रेंच पेढ्यांनी अनुक्रमे 1957 आणि 1959 साली केवळ त्याच्या नावावर कोलोन काढली आणि अजूनही तशी निघत आहेत. तिकडचे लोक त्या वासाला करडा सूट घातलेला, अबोल, विश्वासू पुरुष समजतात. मी एका एप्रिल महिन्यात वाळ्याचे कोलोन लावून कचेरीत जाऊन बसलो. थोड्या वेळाने रोखपाल आत आले, दारातच थांबले, त्यांनी खिडकीकडे पाहिले, मग कोपऱ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘अरे वा, कूलर लग गया क्या?’ त्यांच्या मागून चहावाला आला, त्यानेही खिडकीकडेच पाहिले. दुपारपर्यंत जो कोणी आत येई तो आधी गारवा शोधे, पंख्याखालीच उभा राहून ‘आज जरा बरं वाटतंय’ म्हणे आणि मग कामाचे बोले. खोलीचे तापमान एका अंशानेही उतरलेले नव्हते. कूलरच्या जाळीत भरलेला वाळा, त्यावरून ठिबकणारे पाणी, माठात टाकलेली वाळ्याची जुडी आणि हिरवे खस सरबत यांवर ज्यांचे उन्हाळे गेले आहेत, त्यांची शरीरे नुसत्या वासावर गार होतात. अत्तरकारांनी वाळ्यात मातीचा, धुराचा आणि कडवटपणाचा भाग किती ठेवायचा यावर आयुष्ये घालवली आहेत. आमच्या कचेरीत मात्र वाळ्याने आपले इथले जुने काम केले.

असे का होते याचे उत्तर काही अंशी नाकाच्या रचनेत आहे. रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांनी 1991 साली गंधग्राहकांच्या, म्हणजे नाकात वास टिपणाऱ्या प्रथिनांच्या, जनुकांचे मोठे कुटुंब शोधून काढले आणि त्याबद्दल त्यांना 2004 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात असे सुमारे चारशे प्रकारचे गंधग्राहक काम करतात आणि दोन माणसांचे संच तंतोतंत सारखे नसतात. शिवाय डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले मेंदूतल्या थॅलॅमस या टपालघरातून पुढे जाते, तर वासाची खबर त्याला वळसा घालून थेट भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांकडे पोचते. म्हणून वासाचे नाव सुचण्याआधी आईचा हात कपाळाकडे जातो.

नाकाची एक अडचण मात्र अधिक व्यावहारिक आहे. एकच वास सतत येत राहिला, की नाक काही मिनिटांतच त्याची दखल घेणे सोडून देते. त्यामुळे कोलोन लावणारा माणूस त्या कोलोनविषयी बोलायला सर्वांत अपात्र ठरतो. आपल्याला येत नाही म्हणजे उडून गेले असे समजून तो पुन्हा फवारतो आणि लिफ्टमधल्या बाकीच्यांना जिना आठवतो. खंडवा रोडवरच्या विद्यापीठ सभागृहात मराठी नाटकाला गेले, की मध्यंतरात या विद्येचे संपूर्ण प्रदर्शन भरते. हिवाळ्यात कपाटातून नुकत्याच निघालेल्या शालींच्या डांबरगोळ्या, ज्येष्ठांच्या कानातला हिना, मधल्या पिढीचे आफ्टरशेव्ह आणि तरुणांचे व्हॅनिला घातलेले गोडमिट्ट कोलोन हे सर्व बटाटेवड्याच्या रांगेत एकमेकांना भिडते आणि शेवटी जिंकतो तो वडाच. या गोड कोलोनविषयी माझे मत फारसे चांगले नाही. रात्री सराफ्यात जिलबीच्या कढईशेजारी उभे राहिल्यावर अंगाला जो वास फुकट चिकटतो, त्यासाठी हजारो रुपये मोजण्यात मला शहाणपण दिसत नाही. पण लहान मुले त्या वासाकडे हमखास ओढली जातात हेही खरे.

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत एक वयस्क अत्तरवाले बसतात, त्यांना मात्र नाकाच्या या खोडीची पूर्ण जाण आहे. त्यांच्याकडे कनौजचे मिट्टी अत्तर आहे, मसाले आणि जडीबुटींचे शमामा अत्तर आहे आणि शेजारच्या खणात परदेशी कोलोनच्या नकला तेलात उतरवून ठेवलेल्याही आहेत. ते काचेची कांडी मनगटाच्या मागच्या बाजूला टेकवतात आणि आपण हात नाकाशी नेऊ लागलो की तो धरून खाली करतात. ‘अभी नहीं. बाज़ार घूम के आओ, और किसी से पूछो मत, देखो कौन पूछता है.’ त्या तेलात स्पिरिट नसल्याने ते सुरुवातीला गप्प असते, अंगाच्या उबेने हळूहळू बोलू लागते आणि फार लांब जात नाही. मला त्यांचे मोजमाप पसंत आहे. हस्तांदोलन करणाऱ्याला कळावे आणि टेबलापलीकडच्याला कळू नये, एवढीच कोलोनची मजल असावी असे माझे मत त्यांच्या दुकानातच पक्के झाले.

सध्या माझ्याकडे एक अशी बाटली आहे, की तिच्याविषयी मला लोकांच्याच सांगण्यावर विसंबावे लागते. ती कृत्रिम कस्तुरीची आहे. या कस्तुरीचे रेणू आकाराने मोठे असतात आणि त्यांतले काही प्रकार काही माणसांना अजिबात जाणवत नाहीत. मी त्यांपैकी एक निघालो. मला ती बाटली म्हणजे नुसते स्पिरिट आणि मग काहीच नाही. मावशी म्हणते, ‘आज पहिल्यांदा माणसासारखा आलास, इस्त्रीच्या कपड्यांचा वास येतोय.’ आईला तो बाळाच्या दुपट्याचा वाटतो. अत्तरवाल्यांनी हुंगून ‘सफ़ाई है, इत्र नहीं’ असा निकाल दिला. आणि आजवर माझ्या कोणत्याही कोलोनवर ‘बरं आहे’ यापलीकडे न गेलेल्या बायकोला तो इतका आवडतो, की तिने ती बाटली आपल्या बाजूच्या कपाटात हलवली आहे. सकाळी मी शर्ट घालून उभा राहिलो की ती फवारते, कितीदा ते तीच ठरवते आणि मला कळत नसल्यामुळे हुज्जत घालता येत नाही. पावसाळी हवा असली तर, ‘आज नको हो, आज खूप पसरेल,’ असे म्हणून ती कपाट लावून टाकते.